उंदीर पडला की घर सोडायचं

प्लेगच्या काळात महाराष्ट्रातल्या घरांना साथीची बातमी डॉक्टरांच्या आधी उंदरांकडून कळायची. माळ्यावरून, कणगीच्या आडून, न्हाणीच्या मोरीतून एखादा उंदीर भरदिवसा बाहेर यायचा, झिंगल्यासारखा स्वतःभोवती फिरायचा आणि माणसांच्या देखत मरून पडायचा. एरवी मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर टाकणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. ‘उंदीर पडला’ ही बातमी आळीभर व्हायची. ज्यांना जमत होतं ते एक-दोन दिवसांत गाडी जुंपून, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण घेऊन गावाबाहेरच्या माळावर जायचे. साथ ओसरेपर्यंत दोन-चार महिने तिथेच संसार.

शाळेच्या पुस्तकातला प्लेग निराळा. त्यात वॉल्टर चार्ल्स रँड असतो, चापेकर बंधू असतात, २२ जून १८९७ ची रात्र आणि गणेशखिंडीचा रस्ता असतो. हा इतिहास खरा आहे, महत्त्वाचाही आहे. पण तो काही महिन्यांचा आहे. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं कमी-जास्त जोरानं येतच राहिला. हिंदुस्थानात त्यानं एक कोटीहून अधिक माणसं नेली आणि सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत जबर घाव मुंबई इलाख्यावर बसला. या काळात एक अख्खी पिढी जन्मली, धुळाक्षरं शिकली, बोहल्यावर चढली. सरकारनं साथीशी कसा सामना केला याचे कागद भरपूर आहेत. घरांनी कसा केला, हे त्या मानानं थोडंच लिहिलं गेलं. आणि गंमत अशी, की या दोहोंपैकी शास्त्राच्या कसोटीला जास्त उतरला तो घरांचा उपाय.

मांडवीच्या वखारी

हाँगकाँगमध्ये १८९४ साली प्लेग भडकला होता. अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञानं त्याचा जंतू तिथेच शोधला. दोन वर्षांनी हा रोग मुंबईच्या गोदीत उतरला. गोदीला लागून मांडवी. तिथे धान्याच्या वखारी, पोत्यांच्या थप्प्या, वर माड्यांवर दाटीवाटीनं राहणारी कुटुंबं. उंदरांना याहून सोयीची जागा मुंबईत दुसरी नसेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या रुग्णांचा ताप आणि जांघेतल्या गाठी पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केलं. व्हिएगस मूळचे गोव्याचे, मुंबईत डॉक्टरकी करणारे आणि नगरपालिकेचे सभासद. प्लेग आला आहे असं त्यांनी जाहीर सांगितलं, तेव्हा ते मान्य करायला शहर तयार नव्हतं. व्यापाराचं बंदर म्हणून साऱ्या जगात नाव असलेल्या गावाला हा शब्द परवडणारा नव्हता.

मान्य केल्यावर मात्र पालिका जोरात कामाला लागली. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून पसरतो ही त्या वेळची समजूत. त्यामुळे समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ओतून गटारं धुण्यात आली. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावं म्हणून कौलं काढली गेली, भिंतींना चुना फासला गेला, रोग्याचे कपडे आणि गाद्या जाळल्या गेल्या. राहायला नालायक ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरं रंगवली जात. घर स्वच्छ झालं. पण गटारातले उंदीर हुसकले गेले आणि शेजारच्या घरात शिरले. त्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवांचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता.

रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचं, हा दुसरा उपाय. आर्थर रोडच्या इस्पितळात गेलेली माणसं बहुतेक परत येत नसत, कारण तिथे पोचेपर्यंत ती शेवटच्या घटका मोजत असत. चाळीत मात्र त्याचा अर्थ वेगळा लागला. इस्पितळात माणसं मारून त्यांच्या अंगातून मोमियाई हे औषध काढतात, अशी बोलवा उठली. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला कुणी तरी डांबर फासलं होतं. त्या अपमानाचा सूड म्हणून राणीनं माणसांची काळजं मागवली आहेत, असंही लोक सांगू लागले. ते डांबर फासणारा दामोदर चापेकर होता, हे पुढे उघड झालं. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला.

मग शहर रिकामं होऊ लागलं. बोरीबंदरावर आणि कोकणच्या आगबोटींवर माणसं मावेनात. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेतीन लाखांहून जास्त लोकांनी मुंबई सोडल्याचा अंदाज होता, म्हणजे पाचांतली दोन माणसं. सातारा, पुणे, रत्नागिरीचे कामगार आपापल्या गावी गेले. गिरणीमालकांना माणसं मिळेनात. नाक्यानाक्यावर मजुरीची बोली लागे आणि दिवस संपला की रोख पैसे मोजावे लागत. पुढे माणसं परत आली, तरी शहराचा तोल बराच काळ सावरला नाही. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटली.

गावी परतणाऱ्यांचं स्वागत सगळीकडे सारखं झालं नाही. कुणाला वेशीवर अडवलं, कुणाला गोठ्यात ठेवलं, कुणाला शेतातल्या खोपटात जेवण पोचवलं. ही भीती पोकळ नव्हती. माणसांच्या गाठोड्यांतून, धान्याच्या पोत्यांतून पिसवा गेल्या आणि प्लेगही गेला. पुणं त्याला लवकर सापडलं.

सोजिरांचा पुण्यातला फेरा

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. त्यानं सरकारला घरात शिरण्याचा, माणूस उचलण्याचा, सामान नष्ट करण्याचा अधिकार दिला. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून रँड आला आणि १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांनी घरांच्या झडत्या सुरू केल्या. आळी वेढायची, वाड्यात घुसायचं, माजघर, स्वयंपाकघर, देवघर काही न सोडता रोगी शोधायचा. बायकांची तपासणी चारचौघांत होई. रोगी संगमावरच्या इस्पितळात जाई, घरातले बाकीचे स्वारगेटच्या छावणीत. मागे राहिलेल्या सामानाची होळी होई, नाहीतर लूट. परिणाम व्हायचा तोच झाला. लोक आजारी माणूस लपवू लागले, प्रेतं परसात पुरली गेल्याच्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या, आणि ज्यांना पळता आलं ते पळाले.

टिळक शहरात राहिले. ‘केसरी’तून त्यांनी सोजिरांच्या वागणुकीवर टीका केली, तशीच पुढारी म्हणवून घेऊन गाव सोडणाऱ्यांवरही केली. हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता. मुसलमानांनीही आपलं इस्पितळ काढलं. मुंबईतही भाटिया, जैन, पारशी, खोजा अशा जमातींनी आपापली इस्पितळं उघडली. रोग्यापाशी घरचं माणूस बसू शकतं, आपल्या हातचं अन्नपाणी मिळतं, एवढ्या गोष्टीनं इस्पितळाची दहशत कमी झाली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, असं सांगतात. मुलगा वाचला. त्यांना स्वतःला संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोजिरांच्या झडत्या सुरू व्हायला तेव्हा तीन दिवस उरले होते.

चापेकर बंधूंनी केलेला रँडचा खून, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, चापेकरांची फाशी हे सगळं पुढच्या दोन वर्षांत झालं. सिन्नरला आणि मुंबईला १८९८ मध्ये दंगे झाले. त्यानंतर सरकारनंच हात आखडता घेतला. जबरदस्तीच्या झडत्या मागे पडल्या, वैद्य-हकिमांना मुभा मिळाली आणि लोकांनी घरं सोडून बाहेर राहायचं म्हटलं तर त्याला उत्तेजन दिलं जाऊ लागलं. साथ मात्र हटली नाही. खरी कहाणी इथून सुरू होते, कारण आता प्लेग आणि घर एवढे दोघेच समोरासमोर उरले.

माळावरचा संसार

दख्खनच्या पठारावर प्लेगचा जोर साधारण पावसाळ्याच्या शेवटी सुरू होऊन थंडीत टिकायचा आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात ओसरायचा. म्हणजे दसरा, दिवाळी, संक्रांत हे सगळे सण माळावर. कळक उभे करायचे, तट्टे बांधायचे, वर कडबा किंवा उसाचं पाचट घालायचं, आत शेणानं सारवायचं की झोपडी तयार. ऐपतीप्रमाणे एक खण, दोन खण. कोपऱ्यात तीन दगडांची चूल, नाहीतर बाहेर, कारण पाचटाला ठिणगीचं भय. देवघरातले मोजके देव डब्यातून सोबत आलेले असत. बाकीच्यांची पूजा करायला घरचा कुणी तरी पुरुष सकाळी गावात जाऊन येई आणि येताना कुलपं ओढून पाही. रिकाम्या घरांवर चोरांचा डोळा असे. त्यामुळे दागिने कंबरेला आणि तांब्या-पितळेची भांडी झोपडीत पुरलेली, अशी त्या काळची तऱ्हा.

वाड्यातल्या बाईला माळावरचं राहणं सोपं नव्हतं. पाणी लांब, जळण ओलं, रात्री कोल्हेकुई. बाळंतपणंही तिथेच व्हायची. तट्ट्याला एक लुगडं आडवं बांधलं की बाळंतिणीची खोली झाली. पण त्याच बाईला दुसऱ्या काही गोष्टी पहिल्यांदाच मिळाल्या. वाड्याचा दिंडीदरवाजा इथे नव्हता. स्वयंपाक उघड्यावर, धुणं ओढ्यावर, शेजारीण चार पावलांवर. सोवळ्याचे नियम कितीही पाळायचे म्हटले तरी तट्ट्याच्या भिंतींना ते पेलत नसत. आश्विनात हस्ताचा भोंडला मोकळ्या माळावर होई आणि एका वाड्याच्या मुलींऐवजी अख्ख्या पेठेच्या मुली फेर धरत.

मुलांची तर चंगळ. शाळा बंद असायच्या. काही ठिकाणी मास्तर झाडाखाली मुलं गोळा करून पाढे म्हणून घेत, पण दोन तासांत सुट्टी. मग दिवसभर विटीदांडू, आट्यापाट्या, सूरपारंब्या, ओढ्यातले मासे, बोरीची झाडं. पौषात शेजारच्या शेतात हुरड्याची आगटी पेटे. त्या काळी लहान असलेल्यांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी ऐकल्या तर हा विरोध फार जाणवतो. ज्या वर्षी घरातली दोन माणसं गेली, त्याच वर्षाचं वर्णन करताना आजोबांच्या बोलण्यात माळ, चांदणं आणि हुरडा येतो. लहानपणी मरणाची वार्ता मुलांच्या कानावर येऊ नये याची मोठी माणसं काळजी घेत, हे एक कारण. दुसरं असं, की आई, वडील, काका, आजी सगळे एकाच छपराखाली, काम थांबलेलं, अशी सलग सुट्टी त्या मुलांना पुन्हा कधी मिळाली नाही.

पुरुषांना वेळ घालवायचा प्रश्न पडे. कचेऱ्या अर्ध्या चालू, बाजार मंद. सोंगट्यांचे आणि बुद्धिबळाचे पट निघत. संध्याकाळी भजन, रात्री पोथी. ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ वाचता येणाऱ्या माणसाला वस्तीत मान असे. पोथीच्या जोडीला छापील वाचनही आलं होतं. मंगळवारी निघणारा ‘केसरी’ एकानं वाचायचा आणि दहांनी ऐकायचा. हरि नारायण आपट्यांचं ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० पासून निघत होतं, त्यात कादंबऱ्या क्रमशः येत, आणि प्लेगच्या सगळ्या पडत्या वर्षांतून ते १९१७ पर्यंत चाललं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’नं १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. घरबसल्या वाचण्याची मराठी माणसाची आवड याच वर्षांत रुजली. तिला एकटा प्लेग कारण नव्हता; शिक्षण, छापखाने, टपाल ही मोठी कारणं. पण सक्तीच्या रिकाम्या महिन्यांनी त्या आवडीला श्रोते पुरवले, असं म्हणायला हरकत नाही.

गावात मागे राहिलेलं आणि माळावर सोबत आलेलं

हे चित्र फार गोजिरं वाटू नये. माळावर जायला गाडी लागते, कळक-तट्टे लागतात, आणि रोजचं काम काही महिने सुटलं तरी चूल पेटावी एवढं धान्य घरात लागतं. हातावर पोट असणाऱ्याला उंदीर पडल्यावरही घरीच राहावं लागे. मोलकरीण, हमाल, भट्टीवाला, गिरणीतला बदली कामगार रोज सकाळी साथ असलेल्या वस्तीतच कामाला जाई. मेलेले उंदीर गोळा करणं, घरं धुणं, बेवारशी प्रेतं उचलणं ही कामं ज्या जातींवर लादलेली होती, त्यांच्यावरच ती साथीतही राहिली. शिवाय जात माळावरही गेली. ब्राह्मणांच्या झोपड्या एकीकडे, मराठ्यांच्या दुसरीकडे, महार-मांगांच्या ओढ्याच्या खालच्या अंगाला. विहीर एकच असली तर तिच्यावरचे नियमही गावातलेच. घराच्या भिंती सुटल्या, गावाचा नकाशा सुटला नाही.

टोचून घेणं हा दुसरा मार्ग होता. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काम सुरू केलं. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब सोडून त्यांच्याखाली ते जंतू वाढवत; मग ते जंतू मारून त्याची लस करत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचली, नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. तरुण आगाखानांनी लोकांसमोर टोचून घेतलं आणि खोजा समाजात लस झपाट्यानं पसरली. बाकीच्यांची धास्ती मोठी होती. टोचल्यावर ताप यायचा, दंड सुजायचा, आणि त्यात १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. दोष लसीचा नव्हता, हे सिद्ध व्हायला काही वर्षं गेली. तोवर हाफकिन यांचं पद आणि उमेद दोन्ही गेली होती. परळच्या ज्या प्रयोगशाळेचं काम त्यांनी उभं केलं, तिला त्यांचं नाव १९२५ मध्ये मिळालं.

याच परळमध्ये घरांच्या शहाणपणाला पुरावा मिळाला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितलं होतं, की उंदरापासून माणसापर्यंत प्लेग पिसू आणते. बरीच वर्षं त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून प्लेग कमिशनच्या शास्त्रज्ञांनी परळला लहान लहान घरं बांधून ते तपासलं. पिसवा असलेल्या घरात जमिनीलगत ठेवलेली गिनीपिगं मेली; दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातली वाचली, कारण पिसवेची उडी तेवढी जात नाही. म्हणजे उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा नवा आसरा शोधतात, आणि तो आसरा म्हणजे घरातली माणसं. उंदीर पडल्याबरोबर घर सोडणारी बाई हा सिद्धांत जाणत नव्हती; पण तिची वेळ अचूक होती. गावं रिकामी करणं हा प्लेगवरचा प्रभावी उपाय आहे, हे मग सरकारी अहवालांनीही मान्य केलं.

हा उपाय प्रत्येक साथीला चालत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. गाठीच्या प्लेगला माणसाहून घर अधिक धोक्याचं असतं. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून पसरतो. तिथे पळणारा माणूस रोग सोबत नेतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग निघाला आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा. सुरतेतून लाखो माणसं रेल्वेनं, ट्रकनं पळाली तेव्हा डॉक्टरांची झोप उडाली होती, ती यामुळेच.

वंशावळीतल्या खाडाखोडी

प्लेगनं कुणाचं घर सोडलं नाही. टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्ये प्लेगनं गेला. भगूरच्या सावरकरांच्या घरी १८९९ मध्ये वडील दामोदरपंत गेले आणि मागे राहिलेली मुलं नाशिकला आली. केशवसुत ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगनं वारले आणि काही दिवसांत त्यांच्या पत्नीही गेल्या. त्यांच्या हयातीत कवितांचा संग्रह निघाला नव्हता; तो पुढे हरि नारायण आपट्यांनी काढला. धुंडिराज गोविंद फाळके तेव्हा गोध्र्याला फोटोग्राफीचा स्टुडिओ चालवत होते. १९०० च्या सुमारास त्यांची पत्नी आणि मूल प्लेगात गेलं आणि त्यांनी ते गाव सोडलं. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर तेरा-एक वर्षांनी आला.

ही नावं मोठी म्हणून नोंदली गेली. बाकीच्या घरांत नोंद राहिली ती वंशावळीत. एका पिढीत चार भावांपैकी दोघांच्या नावापुढे काही नाही, एका पुरुषाच्या नावाला तीन बायका जोडलेल्या, एखाद्या मुलीचं सासर लिहिलेलं आणि पुढे कोरी जागा. वीस वर्षांच्या विधुरासमोर बारा वर्षांच्या मुलीचं स्थळ येई. वीस वर्षांच्या विधवेसमोर केशवपनाचा न्हावी. महर्षी कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी १८९६ मध्ये आश्रम काढला आणि प्लेगमुळे तो शहराबाहेर हलवावा लागला. हिंगण्याच्या माळावर मिळालेल्या सहा एकर जमिनीत १९०० साली त्यांनी झोपडी घातली. फर्गसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि पायी हिंगणं गाठायचं, असा त्यांचा क्रम होता. लोक माळावर जात ते साथ ओसरेपर्यंत. आश्रम गेला तो तिथलाच झाला. त्यातून पुढे स्त्रियांचं विद्यापीठ उभं राहिलं.

मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तोही प्लेगपायी. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, समुद्रावरची हवा आत घ्यायची, कामगारांना चाळी बांधायच्या आणि उत्तरेला मोकळ्या जागेत मध्यमवर्गाच्या वसाहती उठवायच्या, असा त्याचा आराखडा. प्रिन्सेस स्ट्रीट, महंमद अली रोड, दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही सगळी त्याची कामं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या पोयबावडीला ज्या चाळीत दोन दशकांहून अधिक काळ राहिले ती याच ट्रस्टची, आणि नंतर त्यांनी ‘राजगृह’ बांधलं ते हिंदू कॉलनीत. पाडापाडीत जितक्या गरिबांची घरं गेली तितकी नवी बांधली गेली नाहीत, हा या कामावरचा जुना आरोप आहे आणि तो खोटा नाही. मुंबई महापालिकेत रात्री उंदीर मारणाऱ्या कर्मचाऱ्यांचं पथक आजही आहे. रात्रीला तीस उंदीर हे त्यांचं ठरलेलं काम.

साथरोगांचा १८९७ चा कायदाही टिकला. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारनं कोरोनासाठी तो लागू केला. पुण्यात सोजिरांनी झडत्या सुरू केल्या ती तारीखही १३ मार्चच होती. योगायोगच, पण कायदा तोच होता हा योगायोग नव्हे. सरकारजवळ सव्वाशे वर्षांपूर्वीचं कलम तयार होतं, कारण कुणी तरी ते लिहून, छापून, कपाटात ठेवलं होतं. घरांजवळ असं काही नव्हतं. मुलांना महिनोन्महिने कसं गुंतवायचं, आजाऱ्याला वेगळं ठेवून एकटं कसं पडू द्यायचं नाही, गावी परतलेल्याला वेशीबाहेर ठेवूनही ताट कसं पोचवायचं, चार माणसांत लग्न कसं लावायचं, हे सारं आपल्याच पणजी-पणजोबांनी वीस वर्षं करून पाहिलं होतं. ते सांगणारी माणसं गेली आणि बोलण्यातलं ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं, म्हणून २०२० मध्ये प्रत्येक घरानं पहिल्यापासून सुरुवात केली. कोरोनाच्या वर्षांत घरांनी काय केलं, काय खाल्लं, कशात जीव रमवला, कुणाला कसं सांभाळलं हे आज लिहून ठेवणं म्हणूनच हौसेपुरतं नाही. पुढच्या साथीला कायदा हजर असेलच. या वेळी त्याच्या शेजारी घराचा कागदही असावा.